लझहर यांचे वारस

—नाही हो मावशी, बसा ना तुम्ही, ही पिशवी मी मांडीवर घेते, बाक दोघींना पुरेल. तुम्हालाही या सी मुन्सिफसाहेबांच्याच विम्याच्या ऑफिसात जायचंय ना? हं. मग आहे अजून वेळ. पाटीवर आठ लिहिलंय, पण ते आठ म्हणजे आपल्याकडचे आठ— शटर कधी वर जाईल ते त्यालाच माहीत. मी काय सांगत होते? हां, मला वाटलं होतं एक आणि निघालं भलतंच. मी सात वर्षं माँट्रियलला होते, शिकायला. तिथे माझ्या खोलीतली मुलगी दर वर्षी गाडीच्या विम्याची मुदत संपत आली की स्वयंपाकघरात बसून चार कंपन्यांना फोन लावायची, "शेजारची कंपनी एवढ्यात देते, तुम्ही कितीत देता?"— दहा मिनिटांत किंमत खाली. अंडं उकडेपर्यंत काम झालेलं असायचं. मला वाटलं, इथेही तसंच करायचं, त्यात काय? आपली माणसं काय करतात, एजंट सांगेल तेवढे पैसे देतात, वर त्यालाच ऑलिव्हच्या तेलाची बाटली नेऊन देतात! आमच्याकडे तर दर हिवाळ्यात पहिल्या घाण्याची बाटली एजंटाची ठरलेली. मी म्हटलं, पुरे. या वर्षी नूतनीकरणाचं पत्र आलं तर रक्कम तिसरा हिस्सा वाढलेली, कारण काही नाही, एक ओळ नाही, नुसता आकडा. मी वही घेतली, रकाने आखले— हसू नका, खरंच आखले— आणि म्हटलं, काफ शहरातलं एकूण एक विमा ऑफिस पालथं घालते, आणि मग सगळ्या गावाला शिकवते की असं करायचं असतं. मला वाटलं होतं, घासाघीस किमतीवर होईल. तर किमतीवर कोणी बोलेचना. आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न— गाडी कोणाची?

गाडी कोणाची. सांगते ना. आमचं गाव कलाअत सनान, इथून साठ-पासष्ट किलोमीटर, त्या टेबलासारख्या डोंगराच्या पायथ्याशी. आईला आठवड्यातून तीनदा इथल्या इस्पितळात आणावं लागतं, डायलिसिसला. तिच्याबरोबर आमच्या गल्लीतली मबरूका मावशी आणि अम्मार काका. तिघांचं रक्त धुवून होईपर्यंत चार तास, मग त्यांना मागे आडवं करून, उश्या लावून घरी न्यायचं. लुआज टॅक्सीने येता येतं, का नाही— पण ती आठ माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि परतताना आईला उलट्या होतात, आणि अम्मार काकांना तर बसवतच नाही. म्हणजे गाडी नाही तर इस्पितळ नाही, आणि इस्पितळ नाही तर— मी आरोग्याचंच शिकलेय मावशी, किती दिवस लागतात ते मला आकड्यांत माहीत आहे. ते आकडे मी घरात कोणाला सांगत नाही. तर अशी ती गाडी. पांढरी, जुनी प्यूजो, मागचं एक दार फक्त बाहेरून उघडतं. तिच्या विम्याची मुदत आज मध्यरात्री संपते. आणि उद्या त्यांची पाळी. उद्या पहाटे पाचला ती तिघं आमच्या दारात उश्या घेऊन उभी राहणार.

ते कोण? तो समोरचा गणवेशातला? नाही, मला वाटलं— कॉफी प्यायला आलाय वाटतं. शाल जरा घट्ट ओढते. थंडीनेच. काफची थंडी मी विसरलेच होते, माँट्रियलला इतकं बर्फ पण हाडात असं शिरत नाही.

तर पहिल्या ऑफिसात मी खरं सांगितलं. हे लक्षात ठेवा हं, पहिल्या ठिकाणी मी अगदी खरं सांगितलं. काल सकाळी, तिघांना यंत्रांवर लावलं आणि निघाले. टेबलामागे एक गृहस्थ सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले. म्हटलं, गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते आठ महिन्यांपूर्वी गेले, भाऊ इटलीत असतो, वारसांच्या सह्या व्हायच्यात, गाडी सध्या मी चालवते, माझा इथला परवाना चार महिन्यांचा. त्यांनी बिया बाजूला सारल्या, कागद पाहिला, आणि म्हणाले, "एकतीस वर्षं एकही अपघात नाही! मुली, ही सूट म्हणजे सोनं आहे सोनं. पण ही माणसाला मिळते, गाडीला नाही. तो गेला की सूटही गेली. वर तू नवी चालक, म्हणजे दुप्पट धर." मी म्हटलं, दुप्पट? म्हणाले, "किंवा असं कर. बाहेर जा, एक चक्कर मारून परत ये. बाप गेलाय हे तू मला सांगितलंच नाहीस. सगळे असंच करतात. माझ्या कपाटातली निम्मी गिऱ्हाईकं कबरस्तानात आहेत, आणि इतकी सावध गाडी चालवतात म्हणून सांगू!" स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. मला इतका राग आला— मी तिथेच त्यांना भाषण दिलं, मावशी, की असल्या खोटेपणामुळेच हा देश असा आहे, की उद्या अपघात झाला तर कंपनी हात वर करेल, म्हणेल सही करणारा कबरीत आहे, आणि मागे बसलेली आजारी माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसतील. ते म्हणाले, "शाब्बास. पुढच्या ऑफिसात हेच सांग, मला कळव किती सूट दिली ती."

मग दुसऱ्या ऑफिसात... दुसऱ्या ऑफिसात मी खोटं नाही बोलले. मी फक्त वाक्य पूर्ण केलं नाही. "गाडी वडिलांच्या नावावर आहे", आणि गप्प. तुम्हाला माहितीये ना ते किती अवघड असतं? गेलेल्या माणसाचं नाव तोंडातून निघालं की ते दोन शब्द आपसूक मागून येतात, अल्लाह यरहमू, श्वास यावा तसे. अल्ला त्याच्यावर दया करो— सात वर्षं बाहेर राहिले, फ्रेंचमध्ये स्वप्नं पडायला लागली, पण ते दोन शब्द काही गेले नाहीत. ते दातांत धरून ठेवले. टेबलामागच्या बाई टाइप करत राहिल्या, आणि निघालेली किंमत पहिल्याच्या निम्मी. तिसऱ्या ठिकाणी त्या माणसाने सहज विचारलं, "वडील बरे आहेत ना?" आणि मी म्हटलं, "बरे आहेत." बस, दोनच शब्द. दातांत धरलेल्या दोनांच्या जागी हे दोन. चौथ्या ठिकाणी म्हणाले, "ते स्वतः का नाही आले?" म्हटलं, "गुडघे दुखतात हो, जिना चढवत नाही." आणि खरंच दुखायचे त्यांचे गुडघे! वीस वर्षं शाळेची बस चालवली त्यांनी, क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला होता. पाचव्या ठिकाणी एक मुलगी होती, माझ्याच वयाची, ती म्हणाली माझ्या वडिलांचंही तसंच, काय लावता तुम्ही? म्हटलं, आई गरम मीठ फडक्यात बांधून शेकते, आणि ते ओरडतात, "अगं जमीला, पाय शेकतेयस की कोकराचा रस्सा करतेयस!" ती हसली. मी पण हसले. सहाव्या ठिकाणी ते आदल्या संध्याकाळी फुटबॉल बघताना कसे चिडले ते मी सांगितलं— आदल्याच संध्याकाळी, मावशी! कुठला सामना, कुठला गोल, हाताने कसं उडवून लावलं, सगळं सगळं. तो माणूस म्हणाला, "तुझ्या वडिलांना सांग, मी पण टीव्ही बंदच केला." मी म्हटलं, सांगते.

घासाघीस तिसऱ्याच ऑफिसात संपली होती. खरं म्हणजे तिसऱ्यातच सगळ्यात स्वस्त मिळत होतं, वहीत लिहिलंय, ही बघा, खाली रेघ पण मारलीय. मग चौथ्यात कशाला गेले? पाचव्यात? सहाव्यात? ... हे मी कोणाला बोलले नव्हते. जाऊ दे. थंडी वाजतेय का तुम्हाला? ही शाल घ्या. घ्या हो, मला नाही वाजत. — कसं सांगू, प्रत्येक दार ढकललं की आत बाबा होते. खुर्चीत बसलेला अनोळखी माणूस विचारायचा, वडील काय म्हणतात, आणि ते काहीतरी म्हणायचे. नवंच काहीतरी. मी आले तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. विमानतळावरून थेट कबरस्तानात. मातीच बघितली मी. गावात सगळे म्हणतात मी देशासाठी परत आले, मीही तेच म्हणते, आणि ते खोटं नाही, मला खरंच इथे काम करायचंय— पण परतीचं तिकीट आहे माझ्याकडे. खुल्या तारखेचं. चाळिसावा दिवस झाला की जाणार होते, मग ईदनंतर, मग... ते माझ्या पिशवीच्या तळाशीच असतं, आईला माहीत नाही. बघा, हे पण बोलून बसले. तुम्ही काही बोलत नाही म्हणून माणूस वाहवत जातं.

हां, सातवं ऑफिस. हेच, हे शटर. सी मुन्सिफ. तुम्ही ओळखत असाल, पांढरी मिशी, चष्मा दोरीला बांधलेला. वेळ कमी होता, बारा वाजता तिघं यंत्रावरून सुटणार होती. मी बसले, कागदांची फाईल पुढे केली, गुडघ्यांचं आणि जिन्याचंही सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे सगळे कागद वाचले, एकेक पान, मागच्या खोलीत कोणीतरी कपबशा विसळत होतं. असं तोवर कोणीच वाचलं नव्हतं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "एकतीस वर्षं. आमच्या या रस्त्यांवर. मेंढरं, लुआजवाले, धुकं, आणि एक ओरखडा नाही. मुली, मला या माणसाच्या कपाळाचं चुंबन घ्यायचंय. त्यांना सही करायला घेऊन ये, मी स्वतः कॉफी करीन. जिना-बिना काही नाही, मी बाहेर रस्त्यावर खुर्ची टाकतो." आणि मला इतकं बरं वाटलं, मावशी, मला डोळ्यांसमोर दिसलंच, ते या फुटपाथवर बसलेत, डावा पाय लांब करून, कॉफीत तीन साखरा— आणि मी म्हटलं, "हो, त्यांना आवडेल. माणसांत बसायला फार आवडायचं बाबांना, अल्लाह यरहमू."

आलं. निसटलं. सहा ऑफिसं दातांत धरून ठेवलेलं सातव्यात, नेमकं जिथे मला सगळ्यात मोकळं वाटलं तिथे.

ते चिडलेच नाहीत. हेच तर. ओरडले असते, पोलिसाला बोलावतो म्हणाले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला भाषणं येतात. त्यांनी फाईल मिटली. तिच्यावर हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "उद्या सकाळी आठ वाजता ये. सही करणाऱ्याला घेऊन ये." सही करणाऱ्याला! वडिलांना नाही म्हणाले. म्हणजे ऐकलं त्यांनी, हो ना? की नाही ऐकलं? तुम्हाला काय वाटतं? मी रात्रभर हेच. थट्टा केली? धमकी दिली? की संधी दिली? मी उठले आणि धावले, आणि फाईल तिथेच राहिली, गाडीचा मूळ कागद तिच्यात. आता तो कागद त्यांच्या खणात आहे. त्यांनी एक फोन फिरवला की बाकीच्या सहा ऑफिसांत— लहान गाव आहे हो काफ. एका ठिकाणी गुडघे, एका ठिकाणी फुटबॉल, सगळं जुळवून बघतील.

मग इस्पितळ, मग तिघांना गाडीत घातलं, उश्या लावल्या, निघालो. कागद नाही, म्हणून माझी नजर रस्त्यावर कमी आणि नॅशनल गार्डच्या चौकीवर जास्त. ताजरवीनच्या अलीकडे खचलेला रस्ता आहे ना, तिथे वळणावर मेंढरं. सगळा रस्ता भरून. मी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबेना, मावशी, घसरत गेली, आडवी, मागून आईचा आवाज, अम्मार काका कलमा पढायला लागले मोठ्याने— आणि थांबली. एका मेंढीच्या नाकापासून इतक्या अंतरावर. धनगर काठी घेऊन माझ्याकडे बघतोय, मेंढी माझ्याकडे बघतेय. आणि मागून मबरूका मावशी काय म्हणाली असेल? "अगं विसाल, आत्ताच धुवून आणलंय रक्त, इतक्यात सांडू नकोस गं बाई!" सगळे हसले. अम्मार काका कलमा अर्धा टाकून हसले. आई हसता हसता म्हणाली, "लझहर असता तर वळणाआधीच गिअर उतरवला असता. अल्लाह यरहमू." आणि तिघांनीही म्हटलं, एकामागून एक. मी सोडून.

मला तेव्हा जी भीती वाटली ना, ती मेंढरांची नव्हती. चौकीची पण नव्हती. माझ्यामागे तीन माणसं उश्यांवर डोकी ठेवून निर्धास्त पडली होती, त्यांना वाटत होतं गाडी कोणीतरी चालवतंय. आणि मी कागदोपत्री ती गाडी अशा माणसाच्या हातात दिली होती जो वळणाआधी गिअर उतरवू शकत नाही. बापाला जिवंत ठेवायचं म्हणून मी या तिघांना— सकाळभर मी हेच तर करत होते. त्या बिया खाणाऱ्याला भाषण ठोकून, सगळं माहीत असून.

आज पहाटे आई चुलीपाशी होती. मी विचारलं, आपल्या गाडीचा विमा कोणाच्या नावाने हवा गं? तिला यातलं काही माहीत नाही. ती म्हणाली, "जो चालवतो त्याच्या. हा काय प्रश्न झाला? मेलेली माणसं गाडी चालवतात होय?" आणि माझ्यापुढे दुधात कालवलेल्या बसीसाच्या पिठाचा वाडगा सरकवला. तो मी संपवला. गाडी तशीच अंगणात ठेवली, पहिल्यांदाच, आणि किल्ली आईच्या उशाला. लुआजने आले. आठ माणसं भरायला चाळीस मिनिटं लागली, मधल्या माणसाच्या मांडीवर कोंबडी. पालिका अजून उघडली नव्हती, पण मृत्यूचा दाखला घरीच होता, आईच्या पेटीत, शिक्क्यासकट— हा बघा. आठ महिने कोणी घडी उलगडलेली नाही त्याची. विमा "लझहर यांचे वारस" अशा नावानेही लिहितात म्हणे, चालक म्हणून माझं नाव, माझा चार महिन्यांचा परवाना, जी काय दुप्पट असेल ती. ते मी देईन. कुठून ते मगाशी बोललेच, पिशवीच्या तळाशी जे आहे ते परत करून. आई विचारेल तर सांगेन, नाही विचारलं तर... नाही, सांगेन. पुरे झालं न सांगणं. सी मुन्सिफनी पोलीस बसवला असेल आत तर त्यालाही हेच सांगणार. फक्त ते वाक्य मला आख्खं म्हणता यायला हवं. लुआजमध्ये म्हणून बघितलं, कोंबडीवाल्याने चमकून बघितलं. तुमच्यासमोर म्हणू का एकदा? तुम्ही नुसतं ऐका. — माझे वडील, लझहर, शाळेची बस चालवायचे, गेल्या जूनमध्ये ते—

ते वारले. अल्लाह यरहमू.

...तुम्हीही म्हणालात ना आत्ता? ओठ हलले तुमचे. बरं केलंत.

आठ वाजून गेले. तुम्ही उठलात? थांबा, शाल राहू द्या, नंतर द्या— ही किल्ली... ही या शटरची किल्ली आहे? तुम्ही इथे— म्हणजे काल तुम्ही आतच होतात, मागच्या खोलीत, कपबशांचा आवाज येत होता तो... तुम्ही सगळं... आणि मघापासून मी तुम्हाला...

नाही. काही बोलू नका, मावशी. आत्ता नको. शटर जड दिसतंय, ती बाजू मी धरते. उचला. मला पुन्हा भीती वाटायच्या आत उचला.